‘चिथावणे’पुढची रिकामी ओळ

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता वयाने मी तुमच्यापेक्षा कितीतरी मोठी आहे. तुमची पन्नाशीही भरली नव्हती, माझी ऐंशी उलटली. तरी मनात ‘बाई’ म्हटलं की पाठ आपोआप ताठ होते आणि हात पदर सारखा करायला जातो. मी स्वतः तेहतीस वर्षं शाळेत घालवली, पोरापोरींच्या दोन पिढ्यांनी मला ‘बाई’ म्हटलं, पण ते म्हणणं मी कधी मनावर घेतलं नाही. आमच्यासाठी बाई एकच. आता तुम्ही म्हणाल, प्रस्तावना पुरे, मुद्द्यावर ये. येते. पण मुद्द्यावर यायला मला आयुष्य लागलं, तेव्हा चार ओळी इकडेतिकडे गेल्या तर चालवून घ्या.

तुमची ती क्रियापदांची वही माझ्याकडे आहे. कपाट आवरताना अचानक सापडली वगैरे काही नाही. ती कुठे ठेवली आहे हे मला रोज माहीत असतं. पोलादपूरच्या शाळेत, सातवीत, आम्हा पाच मुलींना प्रत्येकी एक अशी वही तुम्ही घालायला लावली होती. शनिवारची सकाळची शाळा सुटली की आम्ही पाचजणी मागे थांबायचो आणि तुम्ही शब्द मागायचात. कुठलेही नाहीत. ‘एखादी गोष्ट आहे तशी राहू न देणारी क्रियापदं आणा’, असं तुमचं मागणं. मग कोणी चुलीपासचे आणायची, कोणी शेतातले. माझ्या आईकडे नुसत्या विस्तवाचेच किती निघाले. चूल पेटवायची, दिवा लावायचा, निखारे फुलवायचे, विडी शिलगावायची. दूध विरजायचं, पीठ आंबवायचं, लोणचं मुरवायचं, बी रुजवायचं. आई हसत म्हणाली, ‘तुमच्या बाईंना हे काय येत नाय होय?’ तुम्हाला ते सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘खरंच येत नाही, म्हणून तर विचारते.’ प्रत्येक शब्दापुढे एक ओळ सोडायची आणि त्या ओळीत त्या शब्दाचं वाक्य लिहायचं. नियम एकच होता. वाक्य खरं पाहिजे. आपण पाहिलेलं किंवा केलेलं. पुस्तकातलं उचललेलं वाक्य तुम्ही लाल शाईने उभं कापायचात.

मला जड शब्दांची भारी हौस. ‘माझे गाव’ या निबंधात मी लिहिलं होतं, की गावाच्या विहिरीवर नव्या रहाटाने क्रांती घडविली. तुम्ही तो निबंध सगळ्या वर्गाला वाचून दाखवलात आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहून म्हणालात, ‘अगं, रहाट बसला. बायकांचे हात दुखायचे थांबले. एवढं लिहिलं असतंस तर मला विहीर दिसली असती.’ वर्ग हसला. मीही हसले, पण मला ते झोंबलं. आठवडाभर मी तुमच्याकडे सरळ पाहिलं नाही, आणि तुम्हाला ते कळलंसुद्धा नाही, याचा मला आणखीच राग आला. असा माझा स्वभाव. तेव्हाही होता, आता थोडा घासून गुळगुळीत झालाय इतकंच.

त्याच फाल्गुनात तुम्ही आमच्याकडे राब भाजताना पाहायला आला होता. भाताची रोपं जिथे टाकायची त्या तुकड्यावर कवळ म्हणजे झाडांच्या तोडलेल्या फांद्या, शेण, पालापाचोळा अंथरून पाऊस यायच्या आधी तो जाळायचा, हे आम्हाला जन्मापासूनचं. तुम्ही महाडच्या, बाजारपेठेत वाढलेल्या. तुम्हाला वाटलं, पेटवायचं म्हणजे पेटवायचं, कुठूनही. माझ्या बापाने काटक्यांची पेटती चूड घेतली आणि वारा जिकडे जात होता त्या टोकाला जाऊन लावली. तुम्ही विचारलंत, इकडून का? बाप म्हणाला, ‘वाऱ्याच्या तोंडाला लावला तर जाळ पळत जातो बाई. वरचा पाला जळतो, माती कच्चीच ऱ्हाते. वाऱ्याच्या उलट लावायचा. मग हळूहळू येतो नि माती भाजते.’ तुम्ही तिथेच बांधावर बसून ते लिहून घेतलंत. बापाला इतका मान कोणत्याच शिकलेल्या माणसाने दिला नव्हता. पुढे कित्येक वर्षं तो सांगायचा, बाईंनी माझा शब्द वहीत लिवला.

त्याच्या पुढच्या शनिवारी तुम्ही फळ्यावर एक तिरकी रेघ ओढलीत. खालच्या टोकाला लिहिलंत ‘कोमट’ आणि वरच्या टोकाला ‘कढत’. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते, आणि दोन दिवसांचं शिळं वर्तमानपत्र यष्टीतून तुमच्याकडे यायचं. त्यातून माणसाने माणसाला काही करायला लावण्याचे जेवढे शब्द सापडले तेवढे तुम्ही त्या रेघेवर चढवलेत. सुचवणे. चालना देणे. उत्तेजन देणे. प्रवृत्त करणे. उद्युक्त करणे. भरीस घालणे. फूस लावणे. चिथावणे. भडकवणे. मी म्हटलं, सगळ्यांचा अर्थ एकच की. तुम्ही खडू खाली ठेवलात. म्हणालात, ‘एका घरची भावंडं आहेत ती, पण स्वभाव एक नाही. कोणाला घरात घ्यायचं आणि कोणाला दारात थांबवायचं, हे कळलं म्हणजे भाषा आली.’ मग एकेकीला उभं करून प्रत्येक शब्दाचा फरक वदवून घेतलात. ‘चिथावणे’ माझ्या वाट्याला आला होता. मी सांगितलं, दुसऱ्याचं वाईट व्हावं म्हणून, आपण मागे राहून, त्याला पुढे ढकलणे. तुम्ही ‘शाबास’ म्हणालात. हा शब्द तुम्ही फार जपून वापरायचात, म्हणून माझ्या लक्षात आहे. वाक्याला मात्र मला काही सुचेना. तुम्ही म्हणालात, कोणी कोणाला चिथावताना पाहिलं नाहीस ना अजून? मग राहू दे ओळ रिकामी.

आता माझ्या मैत्रिणीविषयी. नाव लिहीत नाही, तुम्हाला सांगायला नकोच. आम्हा पाचजणींतलीच, शेजारच्या वाडीतली, माझ्याहून वर्षाने मोठी, शाळेत उशिरा आलेली, आणि गणितात आम्हा सगळ्यांच्या पुढे. सातवी फायनलचं केंद्र महाडला होतं. गावोगावच्या बापांच्या ओसरीवर बसून, चहाचे कप रिचवून, तुम्ही आम्हा पाचजणींना परीक्षेला बसवलंत आणि चार दिवस स्वतःच्या घरी ठेवलंत. घरी तुमची थोरली विधवा बहीण, आम्ही सगळ्या तिला माई म्हणायचो. त्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदा स्टोव्ह पाहिला. पंप मारला की तो असा काही घों करून उठायचा की मी दारापर्यंत मागे सरायची. मैत्रीण दुसऱ्याच दिवशी पदर खोचून पंप मारायला बसली. माई कौतुकाने म्हणाली, ही पोर कुठेही निभावेल. तुम्ही मान डोलावलीत. मी ताटं पुसत होते. पुसलेलंच ताट पुन्हा पुसलं.

शेवटच्या पेपरच्या संध्याकाळी मी मागच्या पडवीत वेणी घालत बसले होते आणि आत तुम्ही माईशी बोलत होता. हायस्कूल महाडलाच. आपल्याकडे एका मुलीला ठेवता येईल, जागा तेवढीच आहे, असं तुम्ही म्हणालात. माईने विचारलं, मग कोणती? मी वेणी हातात धरून बसले. मला खात्री होती, बाई. भाषेत पहिली मी, वही सर्वांत भरलेली माझी, माझ्या बापाचा शब्द तुम्ही लिहून घेतलेला. आणि तुम्ही तिचं नाव घेतलंत. तिला आत्ता उचललं नाही तर ती राहून जाईल, असं म्हणालात. त्यापुढे माझ्याबद्दलही काही बोललात बहुतेक. मी ऐकलं नाही. कानात नुसता तो स्टोव्ह वाजत होता.

परतल्यावर कळलं, वैशाखात तिचं लग्न ठरलंय. ती नदीच्या वाटेवर तुमच्याजवळ रडली, मी शेजारीच होते. तिने विचारलं, ‘बाई, मी नाय म्हणू का?’ तुम्ही सांगितलंत, ‘ते मी नाही सांगणार. शिकायचं असेल तर आधी आईला सांग, मग वडिलांना. तुला विचारायला बसतील तेव्हा मी शेजारी उभी राहीन.’ तुमच्या त्या तिरक्या रेघेवर हे कुठे बसतं? ‘सुचवणे’च्याही खाली. तिने घरी नाही म्हटलं. तिच्या चुलत्याच्या डोक्यात राख गेली. बाई पोरींना बिघडवते, असा अर्ज त्याने वर धाडला आणि पंधरा दिवसांत शाळा तपासणारे साहेब पोलादपूरला हजर झाले. त्यांनी आम्हा चौघींना शाळेच्या ओटीवर लांब लांब बसवलं आणि कागद दिले. मैत्रिणीला घरातून सोडलंच नव्हतं. बाईंनी त्या मुलीला काय सांगितलं ते आपापल्या शब्दांत लिहा, एवढाच प्रश्न होता.

मी बसले आहे. समोर कागद, हातात बोरू. चैत्राचं ऊन ओटीच्या कडेपर्यंत आलंय. बाकीच्या तिघींनी केव्हाच लिहून टाकलं, बाईंनी शिकायला सांगितले. मी अजून लिहीत नाही. मी ती रेघ डोळ्यांपुढे आणते आणि एकेक पायरी चढते. उत्तेजन दिले, नको. प्रवृत्त केले, नको. मला घाई नाही, कोणी ओरडत नाही, कोणी कानात सांगत नाही. मग मी चांगल्या वळणदार अक्षरात लिहिते, ‘बाईंनी तिला लग्न मोडण्यास चिथावले.’ आणि खाली सही करते.

साहेबांनी तुम्हाला आत बोलावलं. चुलता खुर्चीच्या मागे उभा होता, आम्ही चौघी भिंतीला. चळवळीमुळे ‘चिथावणी’ हा शब्द त्या दिवसांत साध्या माणसालासुद्धा टोचायचा, साहेबांची गोष्टच वेगळी. त्यांनी माझा कागद मोठ्याने वाचला. तुम्ही हात पुढे करून तो मागून घेतलात, वाचलात, आणि माझ्याकडे पाहिलंत. त्या नजरेत राग असता तर मी सुटले असते. तुम्ही गृहपाठ तपासताना पाहायच्या तसं पाहिलंत. चुलता म्हणाला, ‘पोरगी खोटा कशाला लिवील साहेब?’ साहेबांनी तुम्हाला सरळच विचारलं, ही मुलगी खोटं लिहिते आहे असं तुमचं म्हणणं आहे का?

तुम्ही हो म्हणाला असता तर काय झालं असतं, हे मला तेव्हाच माहीत होतं. खोटारडी पोर म्हणून माझं नाव गावभर झालं असतं आणि बापाने मला त्याच दिवशी गुरांमागे लावलं असतं. तुम्हालाही ते माहीत होतं. तुम्ही कागद टेबलावर ठेवून म्हणालात, ‘नाही साहेब. खोटं नाही. तिला अर्थ ठाऊक नाही. हे सगळे शब्द मी एकाच ओळीत शिकवले आणि सगळ्यांचा अर्थ एकच म्हणून सांगितलं.’

साहेबांनी चष्मा काढला. ‘म्हणजे तुम्हाला भाषा नीट शिकवता येत नाही, असं लिहू?’

‘लिहा,’ तुम्ही म्हणालात.

त्यांनी लिहिलं. आणि बदली केली ती केलीच, तुडीलच्या पलीकडे, खाडीपल्याडच्या एकशिक्षकी शाळेवर. वैशाखात मैत्रिणीचं लग्न झालं. मी गेले होते लग्नाला, पंगतीत बसून जेवलेसुद्धा. तिला काहीच माहीत नव्हतं, तिने माझ्या गळ्यात पडून रडून घेतलं. आणि जूनमध्ये तुम्ही आमच्या अंगणात येऊन बापासमोर उभ्या राहिलात. महाडच्या घरी एका मुलीची जागा आहे, ती रिकामी ठेवायची नाही, हिला पाठवा, असं म्हणालात. बाप म्हणाला, ‘बाई, एवढा होऊनशान तुमी हिला नेता?’ तुम्ही म्हणालात, ‘तिला अर्थ कळले पाहिजेत ना.’ बाप हसला. मी घरात जाऊन पिशवी भरायला लागले, कारण दुसरं काय करायचं ते मला सुचेना.

चार वर्षं मी त्या स्वयंपाकघरात राहिले. स्टोव्हची भीती गेली. दर शनिवारी तुम्ही होडीने दासगावला उतरून महाडला यायच्या, पाय धुऊन आत बसायच्या आणि मला विचारायच्या, नवे शब्द काय? एकदाही, चुकूनसुद्धा, तुम्ही त्या कागदाचा विषय काढला नाहीत. एका संध्याकाळी मी दूध विरजत होते. सांगायचंच असं मी ठरवलं होतं, वाक्यही जुळवलं होतं. मी म्हटलं, ‘बाई, तो शब्द...’ तुम्ही पातेल्याला बोट लावून पाहिलंत आणि म्हणालात, ‘थांब जरा. फार कढत आहे अजून.’ तुम्ही दुधाबद्दलच बोलत होता. मी तेवढंच निमित्त धरलं आणि गप्प बसले. तुम्हाला सांगते, इतकं हलकं वाटलं मला, आणि त्याची लाज अजून वाटते.

मी ट्रेनिंगला असताना माईचं कार्ड आलं, की तापाचं निमित्त झालं आणि बाई गेल्या. पोचेपर्यंत दहावा होऊन गेला होता. नंतर एकदा महाडच्या स्टँडवर मैत्रीण भेटली. कडेवर एक, हाताशी एक. माझ्या हातातल्या पुस्तकांवर तिने बोट फिरवलं आणि म्हणाली, ‘तू शिकलीस ना, बरं झालं गो. आपल्यातली एक तरी पुढे गेली. बाईंचा जीव शांत झाला असंल.’ मी तिला चहा पाजला, पोरांना बिस्किटं दिली. सांगितलं मात्र नाही. माझी गाडी लागली आणि मी चढले.

पुढे पोलादपूरच्याच शाळेवर माझी नेमणूक झाली आणि पहिल्याच आठवड्यात मी जुनं शेरेबुक काढलं. ‘भाषा विषयाचे अध्यापन असमाधानकारक.’ खाली साहेबांची सही. ज्या बाईने चुलीपासून आणि राबापासून शब्द गोळा केले, तिच्या नावावर हे एवढंच वाक्य सरकारदरबारी उरलं. मी ते पान फाडणार होते, पण फाडलं नाही. तिथे एक शब्द जरी माझ्या हाताने लिहिला असता, की हे खरं नाही, तरी चाललं असतं. तेही केलं नाही. उलट दर वर्षी वर्गात ती तिरकी रेघ काढायची आणि मुलांना गोष्ट सांगायची, की एक अजाण मुलगी होती, तिला एका शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता आणि त्यापायी तिच्या बाईंची बदली झाली, म्हणून बाळांनो शब्द जपून वापरा. मुलं हळहळायची. मीही हळहळायची. तुम्ही माझ्यासाठी बोललेलं खोटं मी तेहतीस वर्षं धडा म्हणून शिकवलं.

बाप सांगायचा ते मला आता कळतं. तुम्ही नेहमी वाऱ्याच्या उलटच पेटवलंत. मला त्या दिवशी साहेबांसमोर उघडं पाडलं असतंत, तर जाळ एका क्षणात माझ्यावरून पळून गेला असता, चार दिवस बोंब, आणि मी आतून होते तशीच राहिले असते. तुम्ही मला काहीच बोलला नाहीत आणि मी अजून भाजते आहे. तुम्ही हे मुद्दाम केलंत असं मी म्हणत नाही. तुम्ही बहुधा एका पोरीची शाळा वाचवलीत, बस.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी, खरं सांगायचं तर, मी पेटीत टाकलं नसतं. ते वहीत ठेवणार आहे, ‘चिथावणे’च्या पानाला. पण पाठवायचं नसलं तरी आज एक काम मात्र उरकलं. पोलादपूरच्या त्या शनिवारपासून रिकामी राहिलेली ओळ भरली. अक्षर पूर्वीचं राहिलं नाही, तेवढं माफ करा. वाक्य मात्र नियमाप्रमाणे आहे, स्वतः केलेलं, आणि खरं.

चिथावणे : मला कोणीही चिथावले नव्हते.